प्रतिरोध नगण्य मानू नये

आत्या, तू गेल्यावरच्या विधीला, तुझ्या जलदानाच्या दिवशी, मंडपात माईक लावला होता म्हणे. ज्याला वाटेल त्यानं पुढं येऊन दोन शब्द बोलावेत, असं कोणीतरी सांगितलं आणि पुष्कळ जण बोलले. बाबांचे थोरले भाऊ, मोठे बाबा, मोहगावहून आले होते, ते बोलले. गल्लीतले बोलले. तू कष्टाळू होतीस, मनमिळाऊ होतीस, कोणाला कधी दुखावलं नाहीस, असं सगळं झालं. हे मला नंतर कळलं तेव्हा मी हसले. मनमिळाऊ! "मिस्तरी कुठं आहेत?" असं तुझ्या तोंडासमोर उभं राहून विचारणाऱ्या माणसाला तू मोटर भरता भरता म्हणायचीस, "मिस्तरीच बोलून राहिली. मोटर ठेवा अन् सावलीत बसा." आणि तो बसायचा.

त्या मंडपात मी नव्हते. त्या वेळी मी पांढुर्ण्याला कॉलेजात विद्युत आणि चुंबकत्वाचा सप्लीचा, म्हणजे दुसऱ्यांदा द्यायचा, पेपर लिहीत होते. त्याबद्दल घरात, गल्लीत आणि पार मोहगावपर्यंत जे बोललं जातंय ते तुला ऐकवत नाही. तू त्याला चार शब्दांत उत्तर दिलं असतंस, आणि त्यातले दोन मला इथं लिहिता आले नसते.

म्हणून माझे दोन शब्द इथं लिहिते. दोनापेक्षा जास्त होतील. मला माईकवर बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. वर्गातसुद्धा माझा आवाज निघत नाही. पण लिहिताना मधे कोणी बोलत नाही. तुझ्या मोजणीसारखंच.

मोजणीपासूनच सुरू करते.

सौसरमधल्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. पाटीवर बाबांचं नाव आणि खाली "मोटर वाइंडिंग वर्क्स". संत्र्याच्या बागांतल्या, कपाशीच्या शेतांतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी तिथं येतात. मोटर खोलणं, बसवणं, शेतावर जाऊन जोडणं हे बाबांचं काम. आतली तार भरणं तुझं. लोधीखेड्याच्या सासरहून तू दोन वर्षांत परत आलीस आणि "रिकामी कायले बसू" म्हणून तार हातात घेतलीस, ती शेवटपर्यंत. पाटीवर तुझं नाव नव्हतं. असावं असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. हे लिहिताना आलं.

जळालेल्या मोटरीतून काळी पडलेली तार काढायची. तिचे फेरे एकेक करून मोजायचे. आकडा खडूनं भिंतीवर लिहायचा. आणि मग तितकेच फेरे नव्या तांब्याच्या तारेचे भरायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. तुझ्या हातमशीनवर आकडे दाखवणारी चकती होती, ती मी शाळेत असतानाच मोडली. बाबा नवी आणतो म्हणायचे. तू म्हणायचीस, "माह्या तोंडाले काय झालं?" आणि मोठ्यानं मोजायचीस. त्या वेळेपुरता घरात एकच कायदा होता: आत्या मोजत असताना बोलायचं नाही. कोणी बोललंच तर तू मान न वळवता डावा हात वर करायचीस, पंजा उघडा. उजव्या हातानं मशीन फिरत राहायचं. त्या पंजापुढं बाबा थांबायचे, गिऱ्हाईक थांबायचं. एकदा मतं मागायला आलेली मंडळी गळ्यात हार घेऊन उंबऱ्यात उभी होती, तुझे ऐंशी पुरे होईपर्यंत.

मी कॉलेजात गेले. घरातली पहिली, असं बाबा सगळ्यांना सांगायचे, तेव्हा मला पायाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. पहिली म्हणजे पुढं विचारायला कोणी नाही. घरी आपली मराठी, वर्गात हिंदी, आणि सर ज्याला चांगलं पुस्तक म्हणतात ते इंग्रजीत. संध्याकाळी मी दुकानातच पोत्यावर बसून गणितं सोडवायचे, कारण सगळ्यांत चांगला बल्ब दुकानात. तू मशीन थांबवून म्हणायचीस, "वाच, काय म्हणून राहिलं तुहं पुस्तक." मी वाचायचे. "एक कुंडली में पाँच सौ फेरे हैं."

"कुंडली?" तू म्हणालीस. "आपण तं कुंडली पाहत नाही. तुह्या कॉलेजात पाहतात का?"

मी सांगितलं, हिंदीत कॉइलला कुंडली म्हणतात. गुंडाळलेली म्हणून.

"म्हणजे मी इतक्या वर्सापासून कुंडल्याच बनवून राहिली?" तू इतकी हसलीस की पदरानं डोळे पुसलेस. "अन् लोधीखेड्यावाल्यानं माही पाहिली नाही पहा. पाहिली असती तं तवाच पळाला असता. दोन वर्सं वाचले असते माहे."

मग तुझं लक्ष पाचशे या आकड्याकडे गेलं. "पाचशे फेरे! लिहिणाऱ्यानं भरले का कधी? बोटं पाहून घे म्हणा माही." तू बोटं पुढं केलीस. तारेनं पडलेल्या रेघा होत्या, वळ्यासारख्या, प्रत्येक बोटाला. मी ते गणित त्या दिवशी जरा लाजतच सोडवलं. पाचशेला भागलं आणि मोकळी झाले.

मग ते वाक्य आलं. तुझं माझं खरं भांडण तिथून सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. "कुंडली का प्रतिरोध नगण्य है।"

"नगण्य म्हणजे?"

"म्हणजे मोजण्यासारखा नाही. इतका कमी की धरायचाच नाही."

"मोजला होता का त्यानं?"

"कोणी?"

"ज्यानं लिहिलं त्यानं. मोजून पाहिला अन् मंग कमी भरला? का न मोजताच म्हणून राहिला, मोजण्यासारखा नाही?"

मी म्हणाले, "आत्या, असं मानायचं असतं. गणितात मानावं लागते."

"तू मान," तू म्हणालीस. "मी नाही मानत." आणि मशीन सुरू केलंस. एक, दोन, तीन. म्हणजे माझं बोलणं बंद.

तुझं म्हणणं मला पाठ होतं, कारण ते आपल्या दुकानाचं शहाणपण होतं. मोटर भरून झाली की तिच्या दोन टोकांना मीटर लावायचं आणि ओम पाहायचा. ओम म्हणजे तारेचा प्रतिरोध. तू त्याला रेजिस्टन म्हणायचीस. तीन-साडेतीन आला की मोटर तंदुरुस्त. शून्याच्या जवळ आला की फेरे आतल्या आत एकमेकांना चिकटले, वरचं वार्निश गेलं, मोटर मेली. "रेजिस्टनच नाही म्हणते तुहं पुस्तक, तं ते कॉइल जळाली हाये. सरळ हाये. त्याले सांगा, पहिले भरून आणा, मंग गणित विचारा."

मला ते इतकं सरळ वाटायला लागलं की परीक्षेत माझा घात झाला. प्रश्न होता: बारा व्होल्टची बॅटरी, एक कुंडली, तिचा प्रतिरोध नगण्य, अर्ध्या सेकंदानंतर करंट किती? सूत्र मला येत होतं. खरंच येत होतं. पण मी "नगण्य" वाचलं आणि माझ्या हातानं लिहिलं, "कुंडली का प्रतिरोध नगण्य है, अतः कुंडली जली हुई है।" आणि खाली रेघ ओढून मी पुढच्या प्रश्नाकडं गेले. पुढच्या प्रश्नात "आदर्श तार" होती, तिथंही मी अडले. आज सांगायला सोपं आहे. त्या वेळी मला वाटलं की मी बरोबर लिहिते आहे. सगळ्यांनी मानलेलं मी एकटी मानत नाही, याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला.

निकालात सप्ली लागली. सरांनी माझं उत्तर नाव न घेता वर्गात वाचून दाखवलं. "एक विद्यार्थी की तो कुंडली ही जल गई है। किसी पंडित को दिखाओ, शांति करवाओ।" सगळा वर्ग हसला. नाव घ्यायची गरज नव्हती. वाइंडिंगवाल्यांची मुलगी वर्गात एकच. आणि आपण बौद्ध लोक पंडिताला कुंडली दाखवत नाही हे माहीत असणारीही बहुधा मी एकटीच. मी वही पाहत बसले, पान उलटलं, पुन्हा तेच पान पाहिलं.

त्या दिवशी बसमधून उतरून मी सरळ दुकानात आले. तू मोजत होतीस. त्रेसष्ट, चौसष्ट. मला दिसत होतं की तू मोजते आहेस. तरी मी बोलले.

"तुझ्यामुळं गेला माझा पेपर."

तू डावा हात वर केलास.

मी थांबले नाही. "जळाली हाये, जळाली हाये म्हणे! चौथी शिकलेल्या बाईचं ऐकून मी परीक्षेत लिहिलं, आता सगळं कॉलेज हसून राहिलं मले."

तुझा हात खाली आला. मशीन थांबलं. तुझ्या ओठांवर आकडा नव्हता, मी तो पुसून टाकला होता. तू टोक शोधलंस आणि सगळी तार उलटी सोडवलीस, एकेक फेरा, आणि एकपासून पुन्हा सुरू केलंस. मी उभी होते. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडली असतीस तर मी रात्रीच्या जेवणापर्यंत माफी मागितली असती. तू नुसती मोजत राहिलीस, आणि मला मधे बोलायची जागाच मिळाली नाही.

ती जागा मला पुढंही मिळाली नाही, आत्या. मी शोधली नाही, हे जास्त खरं.

आठेक दिवसांनी तूच मीटर घेऊन माझ्याजवळ आलीस. दोन कॉइल समोर ठेवल्यास, एक नवी भरलेली, एक जळालेल्या मोटरीतून काढलेली. "लाव," म्हणालीस. मी लावलं. नवी तीन ओम. जळालेली शून्य पॉइंट दोन.

"आता सांग, माहं चुकलं का?"

मी म्हणाले, "आत्या, पुस्तकातली कॉइल वेगळी राहते."

"कुठं राहते?"

"पुस्तकात."

"मंग तिले पाणी ओढायले लावू नका म्हणा," तू म्हणालीस. "जे रेजिस्टन करते तेच टिकते, माय. बाकीच्यायचा धूर निघते." आणि कॉइल उचलून गेलीस. मी हसले नाही. तेव्हा हसायला पाहिजे होतं, तुझ्यासाठी तरी.

त्या संध्याकाळी मी ते परीक्षेतलं गणित पुन्हा काढलं, दोन्ही तऱ्हेनं. आधी पुस्तकाचं ऐकून, प्रतिरोध शून्य धरून. तिथं मला कळलं की तू अर्धी चुकली होतीस. प्रतिरोध नसला तरी गुंडाळलेली तार करंटला एकदम आत येऊ देत नाही. तिला अचानक झालेला बदल पसंत नसतो. ती अडवते, हळूहळू वाढू देते. पुस्तकात त्याला प्रेरकत्व म्हणतात. म्हणजे नगण्य प्रतिरोधाची कॉइल जळालेलीच असते असं नाही. अर्ध्या सेकंदात तिच्यातून दहा अँपिअर जातात आणि पुस्तकाचं उत्तर बरोबर येतं.

पण मी थांबले नाही. अर्ध्या सेकंदाच्या जागी एक तास घातला. बहात्तर हजार अँपिअर आले. मी तीनदा गुणाकार करून पाहिला. छोट्याशा बॅटरीवर बहात्तर हजार! सौसरमधली सगळी तार वितळून जाईल. पुस्तक अर्ध्या सेकंदानंतर गप्प बसतं, कारण पुढं त्याला बोलता येत नाही. मग मी तुझे तीन ओम घातले. करंट वाढला, वाढला आणि चार अँपिअरच्या खाली राहिला. तासभर ठेवा, वर्षभर ठेवा, चारच्या वर नाही. ज्याला पुस्तक नगण्य म्हणत होतं त्यानंच सगळं धरून ठेवलं होतं.

म्हणजे अर्धी तू बरोबर, अर्धं पुस्तक बरोबर. आणि पूर्ण चूक मी एकटी, कारण मी तुझ्याकडून उत्तर घेतलं आणि पुस्तकाकडून प्रश्न घेतला आणि स्वतः काही मोजलं नाही.

हे मी तुला सांगितलं नाही. पास झाल्यावर सांगू असं ठरवलं. पेढे घेऊन येऊ, मीटर मधे ठेवू आणि म्हणू, "आत्या, ऐक, तुझं अर्धं बरोबर होतं." तू म्हणाली असतीस, "अर्धं कायले? पुरं म्हण." आणि भांडण पुढं चाललं असतं. मला ते भांडण चालू ठेवायचं होतं. म्हणून मी ते जपून ठेवलं. मग तुला ताप आला, आणि चौथ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्याच्या वाटेवर तू गेलीस.

मातीच्या दिवशी लोक मला समजवत होते. वर्गातली एक मैत्रीण आली होती, चांगली आहे ती, माझा हात धरून म्हणाली, ऊर्जा कधी नष्ट होत नाही, आपण तर फिजिक्सवाल्या आहोत. मी मान हलवली. पण मला ते नको आहे, आत्या. तू ऊर्जा नव्हतीस. ऊर्जेला लोधीखेड्याचा नवरा नसतो, ऊर्जा हसताना पदरानं डोळे पुसत नाही. भंतेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे. ते मला कळतं, ते तूही मानायचीस. पण अनित्य म्हणजे नगण्य नव्हे. एवढं मी कोणाचंही ऐकणार नाही.

मोठ्या मोटरीचा स्टार्टर बंद केला की आत ठिणगी पडते, आठवतं? लहानपणी मी भ्यायचे. तू म्हणायचीस, "भेऊ नको, जाता जाता डोळा मारते ते." आता मला माहीत आहे की ते का होतं. गुंडाळीला एकदम बंद होणं मान्य नसतं. वाहत होतं ते वाहतंच ठेवायला ती धडपडते, वाट नसली तर हवेतून उडी मारते. मलाही मान्य नाही. एवढंच म्हणायचं होतं.

आता पेपरच्या दिवसाचं सांगते. तारीख तीच आली, जलदानाचीच. मी बदलू शकत नव्हते. मोठे बाबा आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. सकाळी मी तयार होऊन पिशवी घेतली तर ते अंगणात उभे.

"कुठं चालली?"

"पेपर आहे, मोठे बाबा."

"घरात मेलेलं माणूस, पाहुणे येऊन राहिले, अन् पोरगी पेपरले चालली? नापास झालेला तं पेपर हाये. पुन्हा नापास व्हायले कायले इतकी घाई?" मग बाबांकडं वळून, "तुह्या बहिणीनं भरवलं हे खूळ. आता ते नाही तं दुकानात हात कोण लावणार? बसव इले. वर्सभरात पाहून देऊ कुठंतरी."

बाबा खुर्चीवर चढून मंडपाची दोरी बांधत होते. त्यांनी खाली पाहिलं नाही. मला वाटलं ते काहीच बोलणार नाहीत, आणि मी पिशवी ठेवणार होते. खरं सांगते, माझा हात सैल झाला होता. तेवढ्यात ते दोरीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "साडेआठची बस हाये. मोहगावच्या पुढं भरते ते. लवकर गेली तं जागा भेटते."

मी गेले. जागा मिळाली. रडले नाही, सूत्रं म्हणत होते. मोहगावच्या पुढं बस भरली तेव्हा एक बाई भाजीची पाटी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली आणि तिच्या बोटांकडं पाहून मला सूत्र आठवेना. मग मी खिडकीकडं तोंड केलं.

हॉलमध्ये सरच होते, तेच सर. पेपर वाटता वाटता माझ्यापाशी थांबले. "क्यों, आज तो कुंडली सही-सलामत है न?" मागच्या बाकावर दोघं हसले. दरवेळी मी अशा वेळी वही पाहते. त्या दिवशी वही नव्हती, कोरा पेपर होता. मी उभी राहिले. का राहिले माहीत नाही, परीक्षेत उभं राहायचं नसतं. माझा आवाज निघाला, बारीक, पण निघाला.

"सर, नगण्य किसकी तुलना में?"

"क्या?"

"प्रतिरोध नगण्य है, लिखा रहता है। किसके सामने नगण्य? किसने नापा?"

तुझाच प्रश्न होता, आत्या. मी फक्त हिंदीत नेला. सरांनी उरलेले पेपर उचलले. "बैठो। पेपर लिखो," म्हणाले. कोणी हसलं नाही.

आणि पेपरात ते गणित होतंच, थोडे आकडे बदललेले. मी आधी पुस्तकाला हवं ते उत्तर लिहिलं, सगळ्या पायऱ्या दाखवून, कारण मला पास व्हायचं आहे. मग खाली रेघ ओढली आणि लिहिलं: "टिप्पणी। मैंने वास्तविक कुंडली नापी है। उसका प्रतिरोध तीन ओम था। इसे लेने पर धारा एक सीमा से ऊपर नहीं जाती। नगण्य मानने पर धारा बढ़ती ही जाती है और कुंडली जल जाती है।" आणि नवं गणित करून दाखवलं. त्याला गुण नाहीत हे मला माहीत होतं. दहा मिनिटं त्यात गेली आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. राहू दे. हा पेपर पुन्हा गेला तर पुन्हा देईन. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म मीच भरणार आहे, दुकानाच्या बल्बखाली बसून.

पेपर गोळा करताना सरांनी माझं ते पान पाहिलं, उभ्या उभ्या वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "परिपथ में बाक़ी जो लगा है, उसकी तुलना में नगण्य। पर यह कोई लिखता नहीं।" आणि पुढच्या बाकाकडं गेले. ती माफी होती की शिकवणी, मला ठरवता आलं नाही. पण तुझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, ते तुला कळवते. त्यानं मोजलं नव्हतं. बाकीच्यांशी तुलना करून न धरण्यासारखं ठरवलं होतं.

मी घरी पोचले तेव्हा मंडप उतरवत होते. खुर्च्या एकात एक घातल्या होत्या. तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती संपत आली होती. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, "जेवली का?" एवढंच विचारलं. मी फोटोपुढं वंदन केलं आणि दुकानात गेले, कारण बाहेर सगळे माझ्याकडं पाहत होते.

तुझी जागा तशीच होती. बाकावर रामाकोना गावाहून आलेली मोटर अर्धी उघडी. भिंतीवर तुझ्या खडूनं "रामाकोना" आणि खाली तीन आकडे: बेचाळीस, अठ्ठावन्न, एकाहत्तर. चौथ्या जागी नुसती रेघ. चौथी कॉइल काढायची राहिली होती, ताप त्याच दिवशी आला. ती जळालेली तार अजून आत होती, काळी. मी खाली बसले, कटर घेतलं, तार सोडवली आणि मोजायला सुरुवात केली. तुझ्यासारखी मोठ्यानं. एक, दोन, तीन. काजळी बोटांना लागत होती.

चाळिसाच्या जवळ असताना मोठे बाबा दारात आले. "अवं, आल्या आल्या हे काय मांडून बसली? पाहुण्यायले तोंड दाखव. सकाळी म्हटलं ते ऐकू आलं नव्हतं का? हे कॉलेज-बिलेज आता..."

मी डावा हात वर केला. पंजा उघडा. मान वळवली नाही.

मोठे बाबा थांबले, आत्या. आजवर तुझ्या हातापुढं थांबायचे तसेच, अर्ध्या वाक्यावर. सवयीनंच असेल. मी बोलून नव्हती राहिली. मी मोजून राहिली होती. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

शहात्तर निघाले. भिंतीवर तुझ्या तीन आकड्यांखाली, त्या रेघेवर, चौथा मी लिहिला आहे. अक्षर वेगळं दिसतं. दिसू दे.